मालवणात घरी नवं फायबर आलंय. विंडोज ७ चा जुना पीसी राउटरला जोडता येईल का?

हो, पण वायफायच्या नादी न लागता सरळ लॅन केबलने जोडा. जुन्या वायफाय कार्डांना बहुधा डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) कळत नाही. कॅट ५ई केबल राउटरच्या लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट येतं त्या पोर्टात) नव्हे, आणि पीसीत आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आपोआप घेण्यावर ठेवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर राउटरने तो दिलेलाच नाही. खाऱ्या हवेत अशा वेळी आधी पीसीचा पोर्ट टॉर्च मारून बघा: पिनांवर हिरवट थर असेल तर वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, केबलच्या टोकाला नवा आरजे४५ कनेक्टर (पोर्टात बसणारा प्लग) बसवा. पीसीचं लॅन कार्ड १०/१०० (म्हणजे १० किंवा १०० एमबीपीएसचं) असेल तर १०० एमबीपीएसच्या वर वेग मिळणार नाही. एक मात्र पाळा, विंडोज ७ चे मोफत सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत, त्यावर बँकेचे व्यवहार नकोत.