आजोबांचे तिकीटसंग्रह विकण्याआधी

चि. ...यास,
अनेक आशीर्वाद.

आजोबांचे टपाल तिकिटांचे अल्बम विकायचं ठरवलंस, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ज्याला तिकिटांची ओढ आहे त्याच्या हाती ते गेलेले बरे. पण आधी ती अल्बमांची पेटी कूलरच्या खोलीतून हलव. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरच्या दमट हवेनं कोऱ्या तिकिटांचा डिंक ओला होतो, तिकिटं पानाला चिकटतात आणि किंमत घसरते.

जुन्या पाकिटांवरची तिकिटं मात्र भिजवून काढू नकोस, हे हात जोडून सांगतो. मध्य प्रांताच्या काळात नागपूर किंवा कामठी छावणीतून गेलेलं, शिक्का स्वच्छ उमटलेलं पाकीट त्यावरच्या अर्ध्या आण्याच्या साध्या तिकिटापेक्षा कितीतरी मोलाचं ठरू शकतं. संग्राहक शिक्का पाहतात, तारीख पाहतात, पत्र कुठून कुठे गेलं ते पाहतात. तिकीट सुटलं की ती सगळी कहाणी पुसली जाते. आजोबांनी नोंदींची वही ठेवली असेल तर तीही जपून ठेव.

अलीकडच्या दशकांतली बहुतेक स्मारक तिकिटं, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेली, लाखोंनी छापलेली आहेत, त्यांच्याकडून फार आशा नको. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेला गांधीजींचा चार तिकिटांचा संच आहे का, ते बघ. त्यातलं दहा रुपयांचं तिकीट सगळ्यांना हवं असतं, म्हणूनच त्याच्या नकलाही खूप. ते तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय विकू नकोस.

तिकिटांच्या किमती देणाऱ्या कॅटलॉगमधला आकडा हा विक्रेत्याचा विक्रीचा भाव असतो. तुला त्याचा काही भागच मिळेल, आणि ते रास्तच आहे. त्यालाही माल सांभाळून गिऱ्हाईक शोधायचं असतं. जीपीओतल्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयातल्या, फिलाटेली ब्युरोत संग्राहकांसाठी नवी तिकिटं मिळतात, जुनी ते विकत घेत नाहीत. पण तिथे येणाऱ्या संग्राहकांशी बोल, निदान तिघांकडून भाव घे. कुणी म्हणालं, 'चांगली तेवढी काढून घेतो,' तर नकार दे. उरलेल्याला मग कुणी विचारत नाही. चांगली तिकिटं कोणती ते आधी तू ठरव, ती लिलावात किमान किंमत लावून दे, बाकीचा गठ्ठा एकत्र विक. अल्बम पावतीशिवाय कुणाच्या घरी जाऊ देऊ नकोस.

पाकिटांचे दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून मला पाठव. तोवर कुणालाही आकडा बोलू नकोस.

तुझा,
काका