नोकरीचं विचारा : सीएचबीला कसली आलीय रजा?

प्रश्न : मी एका अनुदानित कॉलेजात जुलैपासून सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासाप्रमाणे मानधन) शिकवते, आठवड्याला 9 तास, चार दिवस जावं लागतं. डिलिव्हरीची फेब्रुवारीअखेरची तारीख दिलीय डॉक्टरांनी. ऑफिसात विचारलं तर हेडक्लार्क म्हणाले, मॅडम, सीएचबीला कसली रजा, तास घेतला तर पैसे. शिवाय ऑर्डर मार्चमध्ये संपतेय. काहीच मिळणार नाही का? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, आधी अभिनंदन! हेडक्लार्क जे बोलले तो कायदा नाहीये, ती ऑफिसची सवय आहे. मातृत्व लाभाचा कायदा 1961 चा, 2017 ला त्यात 12 चे 26 आठवडे झाले (पहिल्या दोन मुलांपर्यंत), नोव्हेंबर 2025 पासून त्याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्यात, आणि त्यात कायम की कंत्राटी असं कुठं विचारलेलं नाही, अट एवढीच की डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं पाहिजे. इथं तास मोजत बसू नका, दिवस मोजा. आठवड्याला चार दिवस म्हटलं तर दिवाळीची सुट्टी वगळूनही डिसेंबर-जानेवारीपर्यंत 80 आरामात होतात.

ऑर्डर मार्चमध्ये संपते याची धास्ती सगळ्यांनाच असते. पण ऑगस्ट 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने कविता यादव या कंत्राटी डॉक्टरांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की कंत्राट मधेच संपलं तरी लाभ पूर्ण मुदतीचा द्यायचा. आणि 2020 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या एका कॉलेजातल्या अॅड-हॉक प्राध्यापिकेला बाळंतपणाच्या निमित्ताने मुदतवाढ नाकारली होती, तिथं हायकोर्टाने तिला परत घ्यायला लावलं, वर कॉलेजला 50 हजारांचा खर्चही बसवला.

पैसे किती, तर रजेच्या आधीच्या तीन महिन्यांची जी सरासरी रोजची कमाई निघते त्या हिशोबाने. आता सीएचबीची बिलं कधी निघतात हे आपल्याला माहितीये, दिवाळीचं बिल होळीला! पण त्याने बिघडत नाही, हिशोब देय रकमेचा असतो, हातात आलेल्या रकमेचा नाही. म्हणून नेमणुकीची ऑर्डर, मस्टरचे फोटो, सही केलेल्या बिलांच्या झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा, नंतर मस्टर सापडत नाही असं उत्तर येतं (मी बघितलंय). अर्ज प्राचार्यांच्या नावाने, दोन प्रतीत, एकीवर इनवर्डचा शिक्का घ्या. डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात. कॉलेज लगेच हो म्हणेल असं नाही, पण तोंडी नाही म्हणणं सोपं असतं, शिक्का मारलेल्या अर्जाला लेखी नाही म्हणताना हात थरथरतो.

प्रश्न : 2008 ला विद्यापीठात कायम झालो. जुनी पेन्शन लागू होईल का? – नाशिक

उत्तर : सरळ सांगायचं तर नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना आधी डीसीपीएस (राज्याची अंशदायी पेन्शन योजना), मग एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). खात्यात तुमच्या हप्त्यासोबत विद्यापीठाचा हिस्सा दर महिन्याला पडतोय ना एवढं मात्र स्टेटमेंट काढून बघा.

प्रश्न : विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एजन्सीमार्फत डाटा एंट्रीला आहे. पगारातून पीएफ कापतात, पण पासबुकात दहा महिने काहीच नाही. एजन्सीवाला फोन उचलत नाही. – पुणे

उत्तर : एजन्सीच्या मागे पळू नका, विद्यापीठाच्या मागे लागा. पीएफच्या योजनेत मूळ मालक म्हणजे विद्यापीठच, ठेकेदाराने भरलं नाही तर दोन्ही हिस्से भरायची जबाबदारी त्यांच्यावर येते, मग ते ठेकेदाराच्या बिलातून वसूल करतात. पगाराच्या स्लिपा आणि उमंग अॅपवरचं पासबुक जोडून कुलसचिवांना अर्ज द्या, पीएफच्या तक्रार पोर्टलवरही टाका, तिथं यूएएन (तुमचा पीएफ खात्याचा नंबर) लागतो. आणि एकट्याने नको, विभागातले जेवढे एजन्सीचे आहेत तेवढ्यांच्या सह्या घ्या, एकट्याला दुसऱ्या दिवशी उद्यापासून येऊ नका म्हणतात, पंधरा जणांना म्हटलं तर निकाल कोण लावणार!