लर्निंग पास झाल्यावर "बाकी आम्ही बघतो" म्हणणाऱ्यांपासून सावध

तुम्ही लिहिलंय की कालच लर्निंग लायसन्सची परीक्षा पास झालात, ड्रायव्हिंग क्लासवाल्याने कागद ठेवून घेतले आणि "महिन्याने या, बाकी आम्ही बघतो" म्हणाला. तोवर वडिलांच्या नावावरची स्कूटर घेऊन एकट्याने ऑफिसला गेलं तर चालेल का, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर खाली देतोच. पण मला काळजी त्या "बाकी आम्ही बघतो"ची जास्त वाटली, म्हणून एवढं लांबण लावतोय.

आधीच सांगतो, मी एजंट नाही, वकीलही नाही. अनुभव महाराष्ट्रातला आहे. नियम देशभर एकच असले तरी खिडकीवरची पद्धत आरटीओ ऑफिसागणिक बदलते, त्यामुळे जे सांगतोय ते एकदा स्वतः तपासून घ्या. लर्निंगची प्रिंट, पक्क्या लायसन्सआधी तीस दिवसांची वाट, लर्निंगची सहा महिन्यांची मुदत हे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

आमच्या क्लासने अर्ज भरताना मोबाइल नंबर स्वतःचा टाकला होता. न विचारता. आपल्याला वाटतं आपला फॉर्म, आपला आधार, आपली परीक्षा, म्हणजे नंबरही आपलाच असणार. तसं नसतं. या लोकांकडे ढीगभर फायली असतात आणि सगळ्यांचे ओटीपी एकाच फोनवर आले की त्यांचं काम पटापट होतं. त्यांच्या सोयीचा भाग मी समजू शकतो. पण त्याचा अर्थ असा की सारथी या लायसन्सच्या सरकारी साइटवर तुमच्या अर्जाची किल्ली त्यांच्या खिशात राहते. पक्क्या लायसन्सची अपॉइंटमेंट घ्यायची तर ओटीपी तिकडे, तारीख बदलायची तर ओटीपी तिकडे.

महिना झाल्यावर मी फोन केला. "स्लॉट नाहीत." पुढे "साहेब रजेवर आहेत", मग "गाडीत चार जण झाले की एकदमच नेतो". हे चार जण कधी झालेच नाहीत. शेवटी मीच साइटवर बसलो तर स्लॉट समोर दिसत होते, हिरवेगार! एक निवडला आणि ओटीपी गेला क्लासवाल्याच्या फोनवर. फोन उचलेना. आरटीओ ऑफिसात जाऊन विचारलं तर खिडकीतून उत्तर आलं, "ज्याने फॉर्म भरला त्याच्याकडे जा." क्लासवाला म्हणे, "नंबर बदलणं ऑफिसचं काम." दोघांच्याही बोलण्यात खोट काढता येत नव्हती आणि माझं काम मात्र कोणाचंच नव्हतं. खिडकीवरच्या बाईंनी मान वर करून एकदा जरी सांगितलं असतं की अमुक अर्ज द्या, ओळखपत्र जोडा, तर विषय तिथेच मिटला असता. पण नाही.

या टोलवाटोलवीत सहा महिने उलटले आणि लर्निंग संपलं. ते वाढवून मिळत नाही, हे नीट लक्षात ठेवा. नवा अर्ज, नवी फी, मग पुन्हा किमान तीस दिवस. आणि कळस म्हणजे क्लासवाल्याने त्यासाठी वेगळे पैसे मागितले आणि पावतीवर लिहिलं "लर्निंग रिन्यूअल". लर्निंगचं नूतनीकरण असा प्रकार कायद्यात नाहीच! असो. आजही त्या गल्लीतून जाताना डोकं फिरतं.

म्हणून आजच्या आज एवढं करा. क्लासवाल्याकडून अर्ज क्रमांक घ्या आणि लर्निंगची प्रत स्वतःच्या फोनवर मागवा. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की स्थिती दिसते. ओटीपी लागेल अशी एखादी पायरी उघडून बघा, तो तुमच्या फोनवर आला तर उत्तम. नाही आला तर वाट बघू नका, नंबर बदलण्याच्या मागे आत्ताच लागा, कारण पहिल्या महिन्यात तुम्हाला घाई नसते आणि सहाव्या महिन्यात समोरच्याला नसते. ऑफिसात लेखी अर्ज दिलात तर त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी बोललेलं तिथे वाऱ्यावर जातं.

त्याच प्रतीवर वाहनप्रकार कोणते आलेत तेही बघा. क्लासवाले कार शिकवतात, म्हणून कधीकधी फक्त हलकं मोटार वाहन टाकून मोकळे होतात. दुचाकी राहिली असेल तर तिच्यासाठी वेगळा अर्ज लागेल. आणि "विनागियर" लिहिलं असेल तर त्यावर गियरची मोटरसायकल चालवता येत नाही. दुचाकी घेणारच असाल तर माझं मत, सरळ गियरचीच घ्या. तिच्यात स्कूटर येतेच.

आता स्कूटरचं. एकट्याने नाही. पुढेमागे लाल एल लावला की झालं असं बरेच जण समजतात. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम सांगतो की सोबत पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, आणि तोही गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला. दुचाकीवर त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला मागे बसवता येत नाही, म्हणजे मैत्रिणीला स्टेशनवर सोडणंही बसत नाही. पोलीस अडवतील की नाही हा नशिबाचा भाग. मला जास्त भीती विम्याची वाटते. पॉलिसीत चालकाविषयीचं कलम वाचा, लर्निंगवाला चालतो, पण तिसरा नियम पाळत असेल तर. एकट्याने जाताना कोणाला लागलं तर कंपनीला हात वर करायला कारण मिळतं, किंवा ती भरपाई देऊन नंतर मालकाकडून वसूल करायला बघते. मालक तुमचे वडील आहेत. रिक्षाने जा हो महिना-दोन महिने.

सरावाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. क्लासमध्ये क्लच-ब्रेक निम्मा वेळ शेजारच्या माणसाच्या पायाखाली असतो, त्यामुळे शेवटच्या दिवशी आपण चालवतोय असं नुसतं वाटतं. घरात कोणाकडे कार आणि धीर दोन्ही असेल तर त्यांना पटवा. चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुढे काढणं आणि आरशात बघत रिव्हर्स घेणं, या दोन गोष्टींवर वेळ घालवा. दुचाकीवर आठ काढताना चाकाकडे बघू नका, जिकडे वळायचंय तिकडे बघा. पाय टेकतो तो बहुतेक वेग फार कमी केल्यामुळे.

चाचणीला गाडी आपली न्यायची असेल तर आरसी, विमा, पीयूसी आदल्या रात्री तपासा. पीयूसीची तारीख हमखास गेलेली असते. क्लासची गाडी वापरणार असाल तर तिचे कागद त्यांनी आणायचे, पण विचारून ठेवा. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावं लागतं. त्यामुळे स्लॉट सहाव्या महिन्यात नको. दुसऱ्याच महिन्यातला घ्या, म्हणजे एकदा घसरलात तरी लर्निंग जिवंत असेल.

पास झाल्यावर कार्ड स्पीड पोस्टाने घरी येतं. दिवसा घरी कोणी नसेल तर पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाकीट परत ऑफिसात जातं आणि मग पुन्हा तीच खिडकी. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवर लायसन्स आलं की तेच दाखवा, २०१८ च्या दुरुस्तीपासून ते कागदाइतकंच ग्राह्य आहे.

ओटीपी कोणाच्या फोनवर आला ते इथे लिहा. क्लासवाल्याच्या आला असेल तर नंबर बदलण्यासाठी मी दिलेल्या अर्जाचा मजकूर शोधून टाकतो.