हॉट योगाला पहिल्यांदाच जातेय. नवख्या माणसाला झेपेल का, आणि सोबत काय न्यावं?

तुम्ही लिहिलंय की वय ४१, योगाची सवय अजिबात नाही, घराजवळ हॉट योगाचा, म्हणजे तापवलेल्या खोलीत आसनं करायचा वर्ग निघालाय, आणि मैत्रिणीने बजावलंय की काही झालं तरी पहिल्या दिवशी मध्येच उठायचं नाही, एकदा उठलं की कायमचं सुटतं. तुमचा प्रश्न झेपेल का आणि काय न्यावं एवढाच आहे, पण मी मैत्रिणीच्या त्या वाक्यासाठी लिहायला बसलेय. तिचं ऐकू नका. बसावंसं वाटलं तर बसायचं, आडवं व्हावंसं वाटलं तर व्हायचं, नको झालं की दार उघडून बाहेर यायचं.

मी कोल्हापूरची, वय ५३. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत नणंदेच्या आग्रहाने राजारामपुरीत मागच्या गल्लीतल्या एका हॉलमध्ये गेले. दुसरा मजला, खिडक्यांना आतून थर्माकोल लावलेला, चार कोपऱ्यांत लालभडक कांड्यांचे हीटर आणि मधोमध वाफ सोडणारं एक यंत्र. माणसं अठ्ठावीस. भिंतीवर तापमापक नव्हता. मला तेव्हा ते खटकलं नाही, आता पहिल्यांदा तेच बघते.

सुरुवात छान झाली, हे खोटं कशाला सांगू. दहा मिनिटांत गुडघ्यांची कुरकुर थांबली. पादहस्तासनात बोटं जमिनीला टेकली, ती कॉलेजनंतर पहिल्यांदा. डोळ्यांत पाणीच आलं. उष्णतेने स्नायू सैल पडतात, ताण कमी जाणवतो, म्हणून हे होतं. आणि धोकाही त्यातच आहे, कारण रोज जिथे शरीर 'बास' म्हणतं तिथे ते त्या दिवशी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीचा मागचा स्नायू असा धरला की जिना उतरताना कठड्याला लोंबकळावं लागलं.

उभ्याची आसनं झाली, मग खालची. उष्ट्रासनात गुडघ्यांवर उभं राहून हात टाचांवर ठेवले, मान मागे सोडली आणि वरची ट्यूबलाइट पिवळी दिसायला लागली. कानात शिट्टी. मी झटकन सरळ झाले, ती माझी चूक. कोपरावरून घामाचे थेंब चटईवर पडत होते ते एकेक ऐकू यायला लागले, बाकी आवाज लांब गेले. आणि एवढ्या उकाड्यात दंडावर काटा आला. हे लक्षात ठेवा: घाम गळत असताना अंगावर शहारा आला, मळमळलं, डोकं ठणकायला लागलं, की तिथेच थांबायचं.

मी खाली बसले. शिकवणारा पोरगा तिशीच्या आतला, तब्येतीने चांगला, मनाने वाईट नव्हता. म्हणाला, "काकू, बसू नका. शरीर थकत नाही, मन थकतं." मी उठून दाराकडे गेले, तर दाराला आतून कडी. "दार उघडू नका, सगळी हीट जाईल." मी कडी काढली.

जिन्यात शहाबादी फरशीवर बसले. फरशीचा गारवा पाठीला लागला तेव्हा कुठे श्वास मिळाला. बोटं सुजून अंगठी रुतली होती. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई वर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. मला आडवं केलं, पायांखाली कापडाचा गठ्ठा सरकवला, मानेवर ओला पंचा ठेवला आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं. वीस मिनिटांत मी माणसात आले. त्या बाई कधी योगाच्या वर्गाला गेलेल्या नाहीत, पण काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी माहेरी जेवण होतं. तांबडा रस्सा वाढता वाढता नणंदेच्या तोंडून ही गोष्ट निघाली आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "आबांची पोरगी, आणि अर्ध्यात उठली?"

आबा म्हणजे आमचे वडील. मंगळवार पेठेतल्या तालमीत वाढलेले. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात त्यांनी आयुष्यात एकच कुस्ती धरली, ती बरोबरीत सुटली, आणि ती बरोबरी ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगायचे. दादाही तालमीत गेला. मी मुलगी, मला आत प्रवेश नव्हता. संध्याकाळी दुधाची चरवी घेऊन दारात उभी राहायचे, तिथून दिसेल तेवढं बघायचे.

दादा एक गोष्ट गेली चाळीस वर्षं सांगतो. चौदा वर्षांचा असताना त्याला तालमीत चक्कर आली, आबांनी कानाखाली ओढली, पुन्हा उभं केलं आणि वर पन्नास बैठका मारायला लावल्या, म्हणून तो घडला. त्या रविवारी त्याने तीच गोष्ट मला पुन्हा ऐकवली.

मी त्या दिवशी दारात होते. नऊ वर्षांची. वैशाख होता. दादाने आणि शेजारच्या एका पोराने तीनशे बैठकांची पैज लावली होती. दोनशेच्या पुढे कधीतरी दादाचे ओठ पांढरे पडले आणि तो हौद्यात मातीतच बसला. आबा ओरडले नाहीत. आबांनी आणि वस्तादांनी त्याला उचलून बाहेर पिंपळाच्या कट्ट्यावर आणलं, लंगोट सैल केला, ओला पंचा मानेवर आणि काखेत दाबला, सुपाने वारा घातला. शुद्धीवर आल्यावर मीठ घालून ताक दिलं. माझ्या चरवीतलं दूध त्या दिवशी त्याला दिलं नाही, पोट ढवळेल म्हणून. आणि मग वस्ताद म्हणाले, "आठ दिवस नुसती माती ओढायची. जोर नाही, बैठक नाही."

पन्नास बैठका नवव्या दिवशी झाल्या. दादाच्या आठवणीतून मधले आठ दिवस गळून गेलेत.

आई आता ८१ वर्षांची आहे. तिला मी त्याच्यासमोरच विचारलं. ती म्हणाली, "व्हय की. फावडं धरायला लाज वाटायची त्याला. आठ दिवस धड जेवला नाही." दादा हात धुवायला उठला. अजून त्याने ते मान्य केलेलं नाही.

तालमीत नवीन पोराला पहिल्याच दिवशी कुणी लढतीला उतरवत नाही. आधी माती खणायची, ताक, हळद, लिंबू, तेल घालून कालवायची, मोजके जोर मारायचे. मेहनत झाली की अंगाला माती चोळून सावलीत बसायचं, घाम जिरू द्यायचा, मग आंघोळ. कष्टाबरोबर विसाव्याचीही शिस्त होती. दादा म्हणतो, कोल्हापूरच्या माणसाला उकाड्याचं काय कौतुक, गुऱ्हाळावर चुलवाणापुढे माणसं दिवस दिवस बसतात. बसतात ना. पण मधेच उठून बाहेर येतात, रसाचा पेला पितात, वाऱ्याला उभी राहतात, आणि त्यांना कडी लावून कुणी कोंडत नाही.

वर्गात शिकवणाऱ्या त्या पोराने आम्हाला सांगितलं होतं की ही हजारो वर्षांची भारतीय साधना आहे. आसनं आपली, तापवलेली खोली नाही. ही पद्धत कोलकात्यात जन्मलेल्या बिक्रम चौधरी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत पसरवली: दोन श्वासाचे प्रकार धरून २६ आसनं, ९० मिनिटं, सुमारे ४० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता. त्यांचे गुरू बिष्णुचरण घोष म्हणजे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ, शरीर कमावणारा माणूस, कोलकात्यात व्यायामाची शाळा चालवणारे. म्हणजे हे सगळं मुळात एका तालमीतूनच निघालंय, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. वर्ग संपेपर्यंत खोली सोडायची नाही हा दंडक मात्र बिक्रम यांच्या वर्गांतला. याच बिक्रम यांच्यावर पुढे अनेक शिष्यांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, आणि २०१६ साली लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने त्यांच्या माजी कायदा सल्लागार बाईंना छळाबद्दल भरपाई मंजूर केली. शिकवणाऱ्याचा शब्द मोडायचाच नाही, असं जिथे सांगतात तिथे मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

आता तुमचं. झेपेल का? एकदम ९० मिनिटं नाही झेपणार, आणि झेपायची गरजही नाही. महिनाभर साध्या खोलीत, पंख्याखाली, आसनं नीट शिका. मग जा. उष्णतेची सवय व्हायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात, तेही रोज थोडं थोडं केलं तर. पहिल्या दिवशी अर्धा वेळ करायचं आणि उरलेला वेळ शवासनात पडायचं, असं घरून ठरवूनच निघा. तसं शिकवणाऱ्याला आधी सांगा. त्याच्या तोंडावर नाराजी दिसली तर पैसे भरू नका.

न्यायचं काय: दोन पंचे, जाड टॉवेल नको. एक चटईवर अंथरायला, कारण घामाने हात सटकतो, एक तोंड पुसायला. गळ्यातलं, बोटातलं घरी ठेवा. पातळ, अंगाबरोबरचे कपडे, ढगळ सुती कुडता भिजून ओझं होतो. आधी अडीच-तीन तास काही खायचं नाही, त्यामुळे सकाळचा वर्ग असेल तर मिसळ नंतर. पाणी आदल्या दिवसापासून पीत राहा, ऐनवेळी लिटरभर ढोसू नका. घामाबरोबर मीठही जातं, तेव्हा नंतर नुसतं पाणी पीत सुटू नका. ताक घ्या, नाहीतर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्या, चमचा चहाचा.

वजन उतरतं का, तेही सांगते. मी मोजलं होतं: जाताना ६४.२, आल्यावर ६३.१, दुसऱ्या दिवशी सकाळी ६४.१. गेलं ते पाणी, पिऊन परत आलं. घामातून विषद्रव्यं निघतात असंही सांगतील. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, घाम अंग गार करायला असतो. आणि दमट, बंद खोलीत तो वाळतच नाही, नुसता गळतो, म्हणून अंग गारही होत नाही. रक्त सगळं कातडीकडे धावतं, रक्तदाब उतरतो, आणि पटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. माझं उष्ट्रासनात तेच झालं.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. मी तेव्हा रक्तदाबाची गोळी घेत होते, लघवी जास्त होणारी. त्या पोराने विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी नंतर समजावलं की एकीकडे गोळीने पाणी जात होतं आणि दुसरीकडे घामाने. म्हणजे माझी चक्कर सगळी खोलीच्या माथी मारता येणार नाही. दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही, आता इथे वाचेल. तुम्हाला रक्तदाब, हृदय, साखर यांपैकी काही असेल, गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टर. गरोदर असाल तर माझ्या मते जाऊच नका.

आणि मी पुन्हा गेले. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुसऱ्या ठिकाणी, एका बाईंकडे. साठ मिनिटं, तापमापक डोळ्यांसमोर, ३६ च्या वर काटा जाऊ देत नाहीत, आणि दार नुसतं लोटलेलं. एप्रिलअखेरपर्यंत केलं. प्रत्येक वेळी दोन-तीनदा बसले, बाईंनी एकदाही टोकलं नाही. कंबर सुटली ती आजतागायत मोकळी आहे. मे महिन्यात सोडलं, कारण उन्हाळ्यात कोल्हापुरात उकाड्यासाठी पैसे मोजणं मला पटत नाही. दुपारी आमच्या वरच्या खोलीत पंखा बंद केला की तोच वर्ग.

पहिल्या दिवशी चटई दाराजवळ टाका. आल्यावर इथेच खाली लिहा, भिंतीवर तापमापक होता का, आणि दाराला आतून कडी होती का.