पुस्तक मिटून बघ, मग बोलू

बाळा,

महालक्ष्म्याला तू घरी आलतीस तेव्हा आपलं नीट बोलणंच झालं नाही, घरात पाहुणे, पुरणाचा घाट, आणि तू सगळ्यांसमोर हसून "छान चाललंय मावशी" म्हणालीस. मी पण पुढं विचारलं नाही. मग परवा तुझ्या आईचा फोन आला, म्हणाली पोरगी म्हणायली मला संभाजीनगरला जमंना, सेलूलाच अ‍ॅडमिशन करा. इंटर्नलला वीसपैकी सात पडले, वर्गातली पोरं फाडफाड इंग्रजी बोलतात, रोज पाच तास वाचते तरी पेपर हातात आला की डोकं कोरं होतं. तवापासून डोक्यात तुझंच चालू आहे म्हणून रात्री बसून लिहायलेय. लांब होईल, पण दोनदा वाच.

तुझ्या सात मार्कांची मला काळजी वाटली नाही. त्या पाच तासांची वाटली. कारण ते पाच तास मला माहितीयत, मी स्वतः तसे घालवलेत. १९९६ ला मी गंगाखेडकडून विद्यापीठात एमएस्सीला आले, तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे ते रात्री बारापर्यंत, एकच चॅप्टर चारदा वाचायचे, खाली लाल रेघा मारायचे, आणि चौथ्या वेळेला सगळं इतकं ओळखीचं वाटायचं की चला, झालं आपलं. पहिल्या टेस्टला पन्नासपैकी अकरा पडले. मी रडत बसले होते तेव्हा शेजारच्या खोलीतली एक सिनिअर आली, तिनं काही समजूत घातली नाही, सरळ माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, मिटलं, पाठीमागं धरलं आणि म्हणाली, "सांग आता काय वाचायलीस." मला तीन वाक्यं सांगता आली नाहीत. चार वेळा वाचलेलं, बाळा, तीन वाक्यं नाहीत!

तिथं मला कळलं की पान ओळखीचं वाटणं वेगळं आणि ते आपल्याला येणं वेगळं. गावात एखाद्या माणसाला रोज बघतो, चेहरा पक्का माहीत असतो, पण कुणी नाव विचारलं की आठवत नाही, तसंच. परीक्षेत नाव विचारतात, आपण अभ्यास चेहऱ्याचा केलेला असतो.

यावर पुढं रीतसर प्रयोग झालेले मी वाचले. २००६ ला अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या पोरांना एक उतारा दिला, एका गटानं तो चार पाळ्यांत नुसता वाचायचा, दुसऱ्या गटानं एका पाळीत वाचायचा आणि पुढच्या तीन पाळ्या उतारा न बघता आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं होते, ८३ टक्के आणि ७१ टक्के. पण आठवड्यानं घेतली तर उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवलं आणि वाचणाऱ्यांना ४० टक्के. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा त्या नुसतं वाचणाऱ्या गटालाच जास्त होता. म्हणजे वाचून जो कॉन्फिडन्स येतो तो खोटा निघतो, आणि ऐन पेपरात निघतो, म्हणून माणूस इतका खचतो. तू खचलीस ती त्यामुळं. तुझी बुद्धी कमी आहे म्हणून नाही.

आता काय करायचं ते सांगते. आज जे शिकवलं त्याचं एक छोटं टॉपिक घे, सगळं चॅप्टर नको. एकदा समजून वाच. पुस्तक मिटव, वही मिटव, मोबाईल पार्टनरच्या पलंगावर ठेव. कोरा कागद घे आणि आठवेल ते लिही, सूत्र, आकृती, मराठी, इंग्रजी, मोडकंतोडकं, कसंही. अडलं तर लगेच पुस्तक उघडायचं नाही, दोन मिनिटं तसंच बसायचं, ही दोन मिनिटं लई जड जातात, मला माहितीय, पण खरा अभ्यास तिथंच होतो. मग पुस्तक उघड आणि जे सुटलं, जे चुकलं ते लाल पेनानं त्याच कागदावर लिही. तेवढं लाल फक्त परत वाच. झालं. अर्धा तास लागतो.

तुझ्याच पेपरातलं सांगते, पेंड्युलम, म्हणजे लंबक. पुस्तकात ते सूत्र आहे, टी बरोबर टू पाय रूट एल बाय जी, टी म्हणजे एका फेऱ्याचा वेळ, एल दोराची लांबी, जी पृथ्वीची ओढ आणि रूट म्हणजे वर्गमूळ, तू ते तोंडपाठ केलं असशील. आता नागपंचमीचा झोका आठव, चिंचेला बांधलेला. तू बसलीस काय आणि तुझी जाडजूड आत्या बसली काय, एक फेरा व्हायला वेळ तेवढाच लागतो, कारण सूत्रात वजन कुठंच नाही. का नाही? आत्याला पृथ्वी जास्त ओढते पण आत्याला हलवायला पण तितकंच जास्त बळ लागतं, दोन्ही बाजूंनी वजन कटतं. दोर चार मीटरचा असला तर एका फेऱ्याला साधारण चार सेकंद, एक मीटरचा असला तर दोन सेकंद, म्हणजे लांबी चौपट केली तेव्हा कुठं वेळ दुप्पट झाला, तो रूट आहे म्हणून. आणि हे सगळं झोका थोडाच हलतो तोपर्यंत, फार उंच नेला की वेळ जरासा वाढतो, कारण सूत्र काढताना साईन थीटाच्या जागी आपण नुसता थीटा, म्हणजे झोक्याचा कोन, धरलेला असतो, आणि ते छोट्या कोनालाच चालतं. हे तुला पुस्तक मिटून, कागदावर, एखाद्या पोरीला समजावल्यासारखं लिहिता आलं की पेंड्युलम तुझा झाला. मग पेपरात प्रश्न फिरवून विचारला तरी तुला काही होत नाही.

आणि एकदा लिहून सोडायचं नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ ला स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, अर्थ नसलेले शब्द पाठ करायचा आणि किती विसरतो ते मोजायचा, तासाभरात निम्म्याहून जास्त जायचं. तुझं पेंड्युलम अर्थाचं आहे म्हणून जरा जास्त टिकेल, तरी जाईलच, ते जाणं नॉर्मल आहे, त्याला घाबरायचं नाही. म्हणून ज्या दिवशी शिकवलं त्याच रात्री एकदा कोरा कागद, मग तीन दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात, मग महिन्यानं. दरवेळी वेळ कमी लागतो, चौथ्या वेळेला पाच मिनिटांत होतं.

तुला वाटेल बारावीपर्यंत मला चांगले मार्क होते, मग आत्ताच काय झालं. अगं तिथं दर आठवड्याला टेस्ट होती. आपल्याकडं लातूर पॅटर्नचं नाव घेतलं की लोक नुसते निकाल बघतात, पण त्यातली खरी ताकद मला वाटते ती सारख्या सारख्या टेस्ट घेण्यात आहे, पोरांना पुस्तक मिटून लिहावंच लागतं. फक्त ती टेस्ट कुणीतरी दुसरं काढायचं, वेळ दुसरं लावायचं, चुकलं तर दुसरं ओरडायचं. कॉलेजात ते सगळं एकदम थांबतं आणि हे कुणी सांगतच नाही पोरांना. आता ती टेस्ट तुझी तू घ्यायची. नव्या क्रेडिटच्या हिशोबात तर हे लिहिलेलंच आहे बघ, एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचं शिकणं, आणि थिअरीच्या एका क्रेडिटला वर्गात तास होतात पंधरा. उरलेले पंधरा कुणाचे? तुझे. दोन क्रेडिटच्या पेपरला तीस तास, सेमिस्टरच्या पंधरा आठवड्यांनी भागलं की आठवड्याला दोन तास एका पेपरला. एवढंच गं! रोज पाच तास घोकायची गरजच नाही, पण ते दोन तास कोऱ्या कागदाचे पाहिजेत.

वर्गात सर बोलतील ते सगळं उतरून घेत बसू नको, हात चालतो आणि डोकं झोपतं. वहीच्या डाव्या बाजूला चार बोटं जागा सोड, रात्री त्या जागेत प्रश्न लिही, की उजवीकडचं हे कशाचं उत्तर आहे. पुढं उजवी बाजू झाकायची आणि डावीकडचे प्रश्न सोडवायचे. गाईड विकत घ्यायला लागत नाही.

आता इंग्रजीचं. दहावीपर्यंत तू मराठीत शिकलीस, अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजी पण सर समजावायचे मराठीतून, आणि आता एकदम सगळं इंग्रजीतच, मग दडपण येणारच. पण तुला एक जुनी गोष्ट सांगते. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, पुढं शिकायचं तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जावं लागायचं आणि तिथं शिकवायचे उर्दूत. विज्ञान पण उर्दूत! आपल्या खेड्यापाड्यातली मराठी पोरं तिथं गेली, परक्या भाषेत शिकली, वकील झाली, मास्तर झाली. मग १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, ज्यांच्या घरात आधी कुणी अक्षर गिरवलं नव्हतं ती पोरं तिथं आली, आणि १९५८ ला आपलं विद्यापीठ झालं. ज्या शहरात तू आता राहायलीस त्या शहराला भाषेत अडलेली पोरं नवीन नाहीत.

म्हणून कसं कर, समजून घ्यायचं ते बिनधास्त मराठीत, झोका झोकाच राहू दे. समजलं की मग तेच चार ओळी इंग्रजीत लिही, साधी वाक्यं, छोटी. दर पेपरला एक वही कर, तिच्यात तिथले नेहमी लागणारे शब्द, डिराईव्ह म्हणजे काय, अझ्युम म्हणजे काय, प्रपोर्शनल म्हणजे काय. तुझ्या लक्षात येईल की एका पेपरचे शे-दोनशे शब्दच फिरून फिरून येतात. वर्गातली पोरं जे फाडफाड बोलतात ते इंग्रजी निराळं आणि पेपरात लागतं ते निराळं, त्या बोलण्यावरून स्वतःला मोजू नको.

आणि सरांकडं जा. हे मी जोर देऊन सांगते कारण मी स्वतः गेले नाही. एकदा वर्गात प्रश्न विचारला, मागून कुणीतरी हसलं, आणि मी पुढं वर्षभर हात वर केला नाही. ते वर्ष माझं अर्धं वाया गेलं, मला अजून त्याचं वाईट वाटतं. आज मी स्वतः शिकवते तर मला माहितीय की पोरगी आली आणि "काहीच समजलं नाही सर" म्हणाली की शिकवणाऱ्यालाही सुरुवात कुठून करावी कळत नाही. तू तुझा तो लाल पेनाचा कागद घेऊन जा, बोट ठेव आणि म्हण, "सर, मी इथपर्यंत आले, ह्या ओळीपासून पुढं कळेना." कागद बघून चांगला शिक्षक तुला परत पाठवणार नाही. एखादा पाठवील, असतात तसे पण. मग दुसऱ्याकडं जा, सिनिअरकडं जा, मला फोटो पाठव.

कॉन्फिडन्सचं शेवटी लिहायलेय कारण तो येतोच शेवटी. बांदुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ ला मांडलं की मला हे जमेल असा विश्वास माणसाला चार ठिकाणांहून मिळतो, आपण स्वतः काही करून दाखवलेलं असतं त्यातून, आपल्यासारख्याच कुणाला तरी करताना बघून, दुसऱ्यांनी धीर दिला त्यातून, आणि अंगाला कसं वाटतं त्यावरून, छाती धडधडते का, झोप झालीय का वगैरे. यात सगळ्यात पक्कं पहिलं. म्हणून "तू करू शकतेस" असं मी तुला या पत्रात लिहिलेलं नाही, तुझ्यावर माझा जीव आहे तरी लिहिलं नाही. तू ते कागद जपून ठेव, तारीख टाकून, एका फाईलमध्ये. महिन्यानं पहिला कागद आणि शेवटचा शेजारी शेजारी ठेव आणि लाल किती कमी झालं ते बघ. ते तुला कुणी दिलेलं नसेल आणि कुणी काढूनही घेऊ शकणार नाही. रूमवर तुझ्यासारखीच जालन्याची, बीडची एखादी पोरगी असेल तर दोघी मिळून करा, तिनं तुझं पुस्तक मिटायचं, तू तिचं.

झोप मात्र मोडू नको, टेस्टच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही.

सेलूला परत यायचं का नाही ते आत्ता ठरवू नको. तुझ्या आईला मी सांगितलंय की दिवाळीपर्यंत कुणी विषय काढायचा नाही. तोपर्यंत आठवड्याला चार कागद, बास. दिवाळीत मराठवाडा एक्सप्रेसनं येशील तेव्हा सगळी फाईल घेऊन ये, परभणीला उतर, एक दिवस माझ्याकडं राहा, आपण दोघी बसून बघू. आणि पहिला कागद या रविवारी व्हॉट्सअ‍ॅपला टाक, पेंड्युलमचाच टाक, लाल जास्त असलं तरी टाक. मी संध्याकाळी आठनंतर मोकळी असते.

तुझी
मावशी