जुना पोर्टेबल संगणक पुन्हा सुरू करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (राजारामपुरी) : काकांनी अमेरिकेहून आणलेला टीआरएस-८० मॉडेल १०० माळ्यावर सापडला. सोबत अडॅप्टरही आहे. लावून पाहू का?

तो अडॅप्टर मुळीच लावू नये. तो अमेरिकेतील १२० व्होल्टसाठी बनवलेला आहे. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळेल आणि कदाचित संगणकालाही इजा होईल. १९८३ साली अमेरिकेच्या रेडिओ शॅक कंपनीने बाजारात आणलेले आणि जपानच्या क्योसेराने तयार केलेले हे यंत्र चार पेन्सिल सेलवर चालते, त्यामुळे सुरुवातीला अडॅप्टरची गरजच नाही. पुढे घ्यायचा झाल्यास ६ व्होल्टचा रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) अडॅप्टर घ्यावा. त्याच्या पिनेची आतली बाजू ऋण हवी. सध्याच्या बहुतेक अडॅप्टरांत ती धन असते, म्हणून दुकानदार "बसतंय की" म्हणाला तरी मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडू नये.

सेल घालण्याआधी मात्र तळाचे चार स्क्रू काढून आत पाहावेच. स्मृती टिकवण्यासाठी बोर्डावर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी झाळलेली असते आणि इतक्या वर्षांत ती बहुधा पाझरलेली असते. तिच्याभोवती हिरवट किंवा पांढरी पापुद्र्यासारखी साय दिसली, तर बॅटरी काढून टाकावी. पाझरलेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून कापसाच्या बोळ्याला थोडे व्हिनेगर लावून जागा पुसावी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावी आणि पूर्ण वाळू द्यावी. तांब्याच्या रेषा तुटल्या असतील तर बारीक तारेने जोडाव्या लागतात. हे काम मोबाइल दुरुस्त करणारा कुशल कारागीर करू शकतो.

प्रश्न (गडहिंग्लज) : याच संगणकात नवे सेल घातले, पण पडदा कोराच आहे.

तळाशी मेमरी पॉवर नावाचा छोटा खटका असतो. तो बंद असेल तर यंत्र चालत नाही, आणि साठवण करताना तो बंद करून ठेवण्याची पद्धत असल्याने पहिली शंका तिथेच घ्यावी. त्यानंतर उजव्या बाजूची कॉन्ट्रास्टची चकती सावकाश फिरवावी; पडदा बिघडला असे वाटणाऱ्या कित्येक यंत्रांत फक्त ती शेवटाला गेलेली असते. कंट्रोल आणि ब्रेक धरून मागचे रिसेट बटण दाबण्याचा उपाय सर्वात शेवटी करावा, कारण त्याने स्मृतीतील सर्व फाइली पुसल्या जातात. आतली बॅटरी काढलेली असेल तर सेल बदलतानाही फाइली जातात; तेव्हा अडॅप्टर जोडलेला ठेवावा.

प्रश्न (कसबा बावडा) : मॉडेल १०० मधला मजकूर आजच्या लॅपटॉपवर कसा घ्यावा?

मागच्या २५ पिनांच्या सिरियल पोर्टला नल मोडेम केबल (पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारा उलटसुलट जोडलेली) आणि यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावावा. साधी सिरियल केबल चालत नाही, कारण दोन्ही टोकांची यंत्रे एकाच तारेवर बोलू पाहतात. टेलकॉम या यंत्रातल्याच संपर्काच्या प्रोग्राममध्ये स्टॅटचे बटण (एफ ३) दाबून ८८एन१ई हे मूल्य भरावे : पहिला ८ म्हणजे ९६०० बॉड ही गती, मग आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. मूळ मूल्याची सुरुवात 'एम'ने होते आणि ते आतल्या मोडेमसाठी (फोनच्या तारेवरून जोडणीसाठी) असते. ते न बदलल्यास केबल कितीही चांगली असली तरी एक अक्षरही पलीकडे जात नाही. लॅपटॉपवर तीच गती ठेवून टर्मिनल प्रोग्राम उघडावा, इकडे एफ ४ ने टर्मिनल सुरू करून एफ ३ ने फाइल पाठवावी.

प्रश्न (शाहूपुरी) : २०२१ च्या पुरात भिजलेल्या साडेतीन इंची फ्लॉपी वाचता येतील का?

कधीकधी येतात, परंतु गाळ किंवा बुरशी असलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. तो थर ड्राइव्हच्या हेडला (फ्लॉपी वाचणाऱ्या भागाला) चिकटतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडली जाते. कव्हर उघडून आतली चकती मधल्या धातूच्या भागाला धरून बाहेर काढावी, डिस्टिल्ड पाण्यात हलकेच धुवावी, सावलीत वाळवावी आणि दुसऱ्या, बिनकामाच्या पण स्वच्छ फ्लॉपीच्या कव्हरात बसवावी. उन्हात वाळवू नये. एकदा वाचता आली की लगेच पूर्ण प्रत काढावी. फाइली निवडत बसण्याची ही वेळ नव्हे.

प्रश्न (इचलकरंजी) : नव्वदच्या दशकातील लॅपटॉपचा बिजागर तुटला. फेव्हिक्विकने चिकटवू का?

नको. बिजागरातील जुने ग्रीस सुकून तो घट्ट होतो आणि झाकण उघडताना प्लॅस्टिकच फाटते, त्यामुळे चिकटवलेला भाग पुन्हा तिथेच सुटतो. आधी बिजागर मोकळा करावा. धातूचा तुकडाच तुटला असेल तर नमुना घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एखाद्या लेथवाल्याकडे जावे.