साथ आली, केंद्र बंद पडलं, तर?

प्रश्न : विश्रामबागेत आमचं स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी छोटं थेरपी केंद्र आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये व्हिडिओवर सेशन्स घेतली, पण मुलं समोर बसेचनात. पुन्हा तशी वेळ आली तर?

मुलाला कॅमेऱ्यासमोर बसवूच नका. अशा वेळी सेशन पालकांचं असतं. जेवणाच्या वेळी फोन ओट्यावर टेकवून ठेवायला सांगा, मायलेकरांचं नेहमीसारखं चालू द्या आणि तुम्ही नुसतं बघा. नंतर आईशी दहा मिनिटं बोला : पाण्यासाठी तो हात ओढतो, तेव्हा पेला देण्याआधी पाण्याचं चित्रकार्ड पुढे करा. त्या दिवशी एवढंच. नेट रडत असेल तर पालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दोन मिनिटांचा व्हिडिओही पुरतो.

उद्दिष्टं मात्र निर्दयपणे कमी करा. दोनच ठेवा आणि तीही घरात रोज घडणारी : मागणं, अंघोळ, झोप यांपैकी. संकटात मूल नवीन काही शिकलं नाही तरी चालेल, आहे ते सुटू नये आणि घर कोलमडू नये. ‘केंद्र बंद, आज घरी’ हे सांगणारं चित्रांचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी घरी पोचायला हवं, म्हणून ते आजच करून ठेवा.

प्रश्न : मी कराडला विशेष शिक्षिका आहे. त्या काळात पगार निम्मा झाला होता आणि पालकांचे फोन रात्री अकरापर्यंत यायचे. मला आता साथीच्या नुसत्या बातमीनंही धडधडतं.

ताई, हे स्वाभाविक आहे. पालकांचं दुःख तुम्ही अंगावर घेतलंत, तुमचं ऐकायला कुणी नव्हतं. फोनची वेळ ठरवून ती पालकांना लिहून कळवा. खरंच तातडीचा निरोप रात्रीचा असेल तर तो केंद्राच्या एकाच नंबरवर, आळीपाळीनं सांभाळायचा. धडधड थांबत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, तो नंबर तुमच्यासाठीही आहे. केंद्रचालकांना माझी कळकळीची विनंती : पगार कापावा लागणार असेल तर किती आणि कधीपर्यंत, हे आधी सांगा. अंधारात ठेवलेली माणसं आधी सोडून जातात, आणि त्या मुलांची ओळखीची माणसंही त्यांच्यासोबत जातात.

प्रश्न : मुलगा मास्क ओरबाडून टाकतो. (एक आई, तासगाव)

आधी मास्क नुसता हातात, मग गालाला, मग एक ते पाच आकडे मोजेपर्यंत तोंडावर. प्रत्येक पायरीला आवडीची गोष्ट द्या. जबरदस्ती नको. थेरपिस्टनं स्वतःचा बिनमास्कचा फोटो गळ्यात अडकवला तर मूल ओळखतं.

प्रश्न : भिलवडीत २०१९ ला आणि २०२१ लाही पूर आला. निवारा केंद्रातल्या गोंगाटात आमची मुलगी बेभान झाली. थेरपी केंद्रानं काय करायला हवं?

पूर आला की रोगराईही येते, त्यामुळे तयारी एकच. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम ८ सांगतं, की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांना द्यावी. स्वमग्नता त्या कायद्यात येते. म्हणून पालकांची संमती घेऊन केंद्रानं मुलांची यादी पावसाळ्याआधी तिथे द्यावी आणि निवाऱ्यात एक शांत खोली लेखी मागावी. घरोघरी एक पिशवी तयार असावी : कानावर लावायचे इअरमफ, ओळखीचा खाऊ, चित्रकार्डं, प्लास्टिकमध्ये यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स. पूर ओसरल्यावर लेप्टोची (पुराच्या पाण्यातून पसरणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी मिळणार असेल आणि मुलगी गोळी गिळत नसेल, तर आशाताईंना आधीच सांगून ठेवा. पर्याय डॉक्टरांना विचारता येतो.